शनवार तेल्यांच्या कुळातला मुंबईकर

दहा तास कोसळणारा पाऊस, तांदळाच्या पोत्याखाली दडलेला विंचू आणि त्याने नांगी मारलेली आई. निसीम इझिकेल हे नाव मराठी वाचकाला माहीत असतं ते बहुधा या एका कवितेमुळे. 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत इतकी वर्षं ठाण मांडून बसली आहे की तिच्या शेवटातून मातृप्रेम कसं व्यक्त होतं, या प्रश्नाचं उत्तर अनेकांना कविता विसरल्यावरही पाठ असतं. ते दहा गुण पदरात पडले की कवीची आणि आपली गाठ सुटते. पुढच्या पानांवरची निवड ती गाठ पुन्हा मारण्यासाठी केली आहे. इझिकेलांची ओळख करून देताना एक अडचण मात्र हटकून येते. ज्यू घराणं, कोकणातलं मूळ, कॅथलिक शाळा, मिशनऱ्यांचं कॉलेज, लंडनची थंडी आणि मुंबईची नोकरी, हे सगळं एका दमात सांगितलं की ऐकणारा खूश होतो आणि 'किती संस्कृतींचा संगम!' असं म्हणून मोकळा होतो. माझा आक्षेप त्या संगमालाच आहे.

आधी जे आहे ते नीट सांगतो. इझिकेल बेने इस्राएल. जन्म 16 डिसेंबर 1924 चा, मुंबईतला. मृत्यू 9 जानेवारी 2004 चा, तोही मुंबईतलाच. या समाजाची आपल्या मुळाबद्दलची कथा रायगडच्या किनाऱ्यावर सुरू होते. अलिबागजवळ नवगावच्या समुद्रात एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका जिवंत किनाऱ्याला लागल्या, आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. हे कधी झालं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दोन हजार वर्षांपासून काही शतकांपर्यंत वाटेल तो आकडा वाचायला मिळतो. त्यानंतरच्या गोष्टी मात्र पक्क्या आहेत. ही माणसं गावोगाव पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत त्यांचा बैल घाण्याला जुंपला जात नसे. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, पेझारकर, केहीमकर. लग्नात हळद आणि हिरवा चुडा आला, गळ्यात मंगळसूत्र आलं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचं दूध पडू लागलं, आणि तो रस्सा कोकणातल्या शेजाऱ्यांच्या रश्शाच्या सख्ख्या भावासारखा झाला. नवस फेडायचा तर मलिदा. गोड केलेले पोहे, खोबरं, फळं असं ताट मांडून एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं. या पैगंबराचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरून गेला, त्याच्या खुणा तिथे आहेत, अशी श्रद्धा. बायबलातला एलिया थेट रायगडात उतरवणारा हा समाज आहे.

मुंबईत तो आला अठराव्या शतकात. सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये मांडवीत पहिलं सिनेगॉग बांधलं. जवळच्या रेल्वे स्टेशनाला 'मस्जिद' हे नाव मिळालं ते याच सिनेगॉगवरून, असं सांगतात. मग मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहून छापलं. कुणासाठी? या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे या मंडळींनी कीर्तनाची परंपरा उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी ओव्या-साक्यांत लावायला घेतली. निरूपणाला बुवा आणि आख्यानाला फारोहा, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावं. विल्सनांच्या नावाच्या कॉलेजात पुढे इझिकेलांचे वडील वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि निसीमही तिथेच शिकले. आई स्वतःची शाळा चालवत. घर शिकलेलं, उदार वळणाचं.

इतका ऐवज घरात असल्यावर कवितेत तो ओसंडून वाहत असेल असं वाटतं. पण शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. कोकण नाही, घाण्याची करकर नाही, किनाऱ्याला लागलेल्या त्या सात बायका नाहीत. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या आत्मचरित्रात्मक कवितेत पूर्वजांचा उल्लेख येतो तो जाता जाता: जातीपातींच्या समाजात ही उपरी माणसं पोटासाठी बिया गाळत होती, एवढंच. कवितेच्या नावातच तो जाता जाताचा सूर आहे. इझिकेलांनी वारसा मांडून दाखवला नाही. दाखवला असता तर त्याला गिऱ्हाईक भरपूर मिळालं असतं, विशेषतः परदेशात, आणि हे त्यांना कळत नव्हतं असं मानायला जागा नाही.

मग त्या वारशाचं झालं काय? याचं उत्तर त्याच कवितेतल्या शाळेच्या प्रसंगात आहे. कॅथलिक शाळेतला एक लुकडा ज्यू मुलगा. बाकीची पोरं त्याला सांगतात की ख्रिस्ताला तूच मारलंस, आणि त्याच वर्षी धर्मशिक्षणाचं बक्षीस तो पटकावतो. एक मुसलमान दांडगा मुलगा त्याचे कान सुजवतो. हिंदू मुलं अर्धपोटी, इंग्रजी चुकीचं बोलणारी, आणि त्यांच्या सोशिकपणाची त्याला शिसारी येते. एका दिवशी तो चाकूही बाहेर काढतो. आता यात कुणाची बाजू घ्यायची? कवी कुणाचीच घेत नाही, स्वतःचीही नाही. हिंदू मुलांबद्दल वाटलेला तुच्छपणा तो झाकत नाही. घरी शुक्रवारच्या प्रार्थना आहेत, शिवाय योग आणि झेन यांच्याबद्दल कानावर आलेलं आहे, आणि आपण रब्बी-संत होऊ शकू का असा एक पोरकट प्रश्नही आहे. हे सगळं तो हिशेबाच्या वहीत नोंदवावं तसं नोंदवतो.

अल्पसंख्याकांतल्या अल्पसंख्याकाला लहानपणीच एक सवय लागते. समोरचा आपल्याकडे कोणत्या नजरेनं पाहतो आहे, हे ओळखून मग बोलायचं. या सवयीची दोन फळं असतात. एक म्हणजे कायमची धास्ती. दुसरं म्हणजे कान. इझिकेलांच्या वाट्याला दोन्ही आली, आणि त्यांच्या कवितेला कान जास्त उपयोगी पडला. वारसा त्यांच्या कवितेचा विषय झाला नाही. कवितेत उभं राहण्याची जागा त्यानं ठरवली: दारात, ना आत ना बाहेर, आतल्या माणसांचं बोलणं स्पष्ट ऐकू येईल इतक्या अंतरावर. आणि कान लावायला रोज काहीतरी हवं असतं. ते त्यांनी ठरवून घेतलं मुंबईच्या दैनंदिन जगण्यातून.

'ठरवून' असं म्हणायला कारण आहे. 1948 मध्ये ते लंडनला गेले, एका मित्रानं तिकीट काढून दिलं म्हणून. तिथे बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले, तळघरातल्या खोलीत राहिले, आणि 1952 मध्ये पहिला संग्रह, 'अ टाइम टू चेंज', लंडनमध्ये छापून घेतला. परतीला पैसे नव्हते. इंडोचीनमध्ये लढणाऱ्या फ्रेंचांसाठी शस्त्रं नेणाऱ्या एका इंग्रजी मालवाहू बोटीवर डेक घासत ते घरी आले. या प्रवासावर एखाद्यानं महाकाव्य बेतलं असतं. वसाहतींचं साम्राज्य मोडकळीला आलेलं, त्याची तोफगोळ्यांची बोट, आणि तिचा डेक घासणारा नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाचा कवी! इझिकेलांनी त्याला दिल्या मोजक्या ओळी. मग लग्न, नोकरी, पुन्हा नोकरी. इलस्ट्रेटेड वीकलीचं संपादन खातं, जाहिरात कंपनी, चित्रांच्या फ्रेमा बनवणारा कारखाना, 'क्वेस्ट' नियतकालिक, 1961 पासून मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचं विभागप्रमुखपद, पुढे विद्यापीठ. 'द अनफिनिश्ड मॅन' (1960) आणि 'द एक्झॅक्ट नेम' (1965) हे संग्रह या धावपळीत लिहिलेले आहेत, आणि त्यांचा मजकूरही ही धावपळच आहे. संसारातली कुरबुर, सकाळचं फिरणं, शहराचा गोंगाट, मैत्री, वासना, पस्तिशी ओलांडल्यावर येणारा 'आपण केलं काय' हा प्रश्न.

मराठी वाचकाला इथे मर्ढेकर आठवणारच. त्यांचा 'काही कविता' हा संग्रह 1947 चा. तेही लंडनला जाऊन आलेले, तेही नोकरदार, आणि गाण्याला अयोग्य ठरवल्या गेलेल्या याच शहराला कवितेत ओढून आणणारे. फरक असा की मर्ढेकरांच्या हाताशी ओवी-अभंग होते. यंत्रयुगाची शिसारी ते रामदासांच्या चालीत बसवू शकले, आणि त्या विसंगतीतून त्यांची कविता पेटली. इझिकेलांकडे मोडायला अशी घरची चाल नव्हती. त्यांची सुरुवातीची कविता त्यामुळे कोरडी वाटते, निबंधासारखी चालते. चित्राआधी विचार पोचलेला असतो. हा दोष मी लपवू इच्छित नाही. पहिल्या दोन संग्रहांतल्या कविता या निवडीत थोड्या आहेत, त्या याच कारणानं.

कोरडेपणा सुटला तो 'एक्झॅक्ट नेम'मध्ये, आणि विंचवाची कविता त्याच संग्रहातली. परीक्षा विसरून ती पुन्हा वाचावी. पावसाळी रात्र, कंदील आणि मेणबत्त्या घेऊन धावत आलेले शेतकरी, भिंतीवर नाचणाऱ्या त्यांच्या सावल्या. विंचू सापडत नाही. तो जितका हलेल तितकं विष चढेल, असं ते म्हणतात. मग सांत्वन सुरू होतं: या जन्मीच्या यातनांनी गेल्या जन्मीची पापं जळोत, पुढच्या जन्मीचं दुःख कमी होवो, विषानं देहातली वासना शुद्ध होवो. हे बोलणं आपल्याला ओळखीचं आहे. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात काम-क्रोधाचा विंचू चावतो, आणि त्यावर उताराही अध्यात्माचाच असतो. भारूड ऐकत वाढलेली माणसं खऱ्या विंचवालाही त्याच अर्थात बसवतात. दुसऱ्या बाजूला वडील आहेत, शंकेखोर, विज्ञाननिष्ठ. पण त्या रात्री तेही चूर्ण, काढे, मुळ्या, जे सुचेल ते सगळं करून पाहतात, आणि शेवटी आईच्या पायाच्या चावलेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावतात. मांत्रिक मंत्र म्हणतो. वीस तासांनी वेदना थांबते. आई बोलते ते फक्त एक वाक्य: विंचवानं मला धरलं, माझ्या मुलांना सोडलं, देवाची कृपा.

कोणत्या देवाची? कविता सांगत नाही. घर ज्यू आहे हेही सांगत नाही. शेजारी आणि घरचे यांच्यात धर्माची भिंत आहे याचा एक शब्द नाही. पण मुलगा उभा आहे तो नेमका त्या भिंतीच्या जागी. शेजाऱ्यांचं कर्मसिद्धान्ताचं बोलणं आणि वडिलांचं रॉकेल हे दोन्ही त्याला सारख्याच अंतरावरून दिसतं. तो शेजाऱ्यांना अडाणी म्हणत नाही, वडिलांना थोर म्हणत नाही. पुरोगामी कवी वडिलांच्या बाजूनं लिहिता, लोकपरंपरेचा भक्त शेजाऱ्यांच्या. इझिकेलांनी विंचवाला विंचू राहू दिलं. मिश्र वारसा कवितेत काम करतो तो असा, नावानिशी न येता.

'ज्यूइश वेडिंग इन बॉम्बे'मध्ये तो नावानिशी येतो, पण तिथेही त्याच्या अंगावर भरजरी काही नाही. नवरीची आई रडते कारण रडायचं असतं. सासरे विचारतात, दागिने किती अपेक्षित आहेत? मंत्र होतात, रिवाजाप्रमाणे पेला फुटतो, फोटोवाला फोटो काढतो. कट्टर म्हणवणारे कुठे काय खातात आणि शब्बाथच्या दिवशी काय करतात, याची चहाटळ नोंद आहे. आणि मग संसारातलं पहिलं खरं भांडण. समाजशास्त्रज्ञाला या कवितेतून टिपणं काढता येतील, पण कवीचं लक्ष भांडणाकडे आहे. इझिकेलांच्या कवितेतल्या बायका मात्र अनेकदा भांडणाच्या किंवा वासनेच्या पलीकडे माणूस म्हणून उभ्या राहत नाहीत. त्यांच्या चाहत्यांनी हे मान्य करायला हरकत नसावी.

त्यांचा कान सर्वांत खुला लागतो तो 'व्हेरी इंडियन पोएम्स इन इंडियन इंग्लिश'मध्ये. ऑफिसातल्या निरोप समारंभात पुष्पाबाईंचे गुण गाणारा सहकारी, पगार पुरत नाही म्हणून कुरकुरणारा रेल्वे कारकून, आणि 'द पेट्रियट'मधला लस्सीभक्त देशप्रेमी, जो इंग्रजी सुधारावं म्हणून रोज टाइम्स वाचतो. हा देशप्रेमी म्हणजे आपल्याकडच्या 'विविधतेत एकता' या भाषणाचं चालतं बोलतं रूप. गुजराती, महाराष्ट्रीय, हिंदीवाले, सगळे भाऊ आहेत, काहींच्या सवयी जरा विचित्र असतात खऱ्या, पण आपण एकमेकांना सोसू या, असं तो मोठ्या मनानं जाहीर करतो. ज्याला आयुष्यभर 'सोसलं' गेलं, अशा समाजातला कवी हे लिहितो आहे, हे लक्षात ठेवून वाचलं की हसू जरा अडखळतं. शहाण्या इंग्रजी वाचकानं साध्या माणसांच्या भाषेला हसावं म्हणून हे लिहिलं, असा आरोप या कवितांवर होत आला आहे. पुष्पाबाईंच्या बाबतीत मला तो थोडा पटतो. तिथे गंमत भाषेच्या चुकांपलीकडे फारशी जात नाही. देशप्रेम्याच्या आणि कारकुनाच्या बाबतीत नाही पटत. त्यांच्या वाक्यरचनेत गुजराती-मराठी-हिंदीचा जो ताल आहे, तो हसण्यासाठी ऐकून पकडता येत नाही. त्यासाठी बरीच वर्षं त्याच लोकलमधून, त्याच स्टाफरूममध्ये बसावं लागतं. इराण्याच्या हॉटेलातल्या सूचनांच्या पाटीचीही त्यांनी कविता केली: थुंकू नका, जास्त वेळ बसू नका, बिल लवकर द्या.

त्यांनी नंदू भेंडे यांच्यासाठी गाणीही लिहिली. नंदू हा आत्माराम भेंडे यांचा मुलगा, पाश्चात्त्य रॉक गाणारा, अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जूडास झालेला. मराठी नाट्यघराण्यातला मुलगा जूडास करतो, आणि शाळेत 'ख्रिस्ताला तूच मारलंस' हे ऐकलेला कवी त्याला गाणी लिहून देतो. मुंबईत हे घडून गेलं आणि कुणी फारशी दखलही घेतली नाही.

इथेच राहायचं, हा निर्णय त्यांना पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. 1948 नंतर बेने इस्राएलांतले बहुतेक इस्राएलला गेले. तिथेही त्यांची वाट सरळ नव्हती. तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, लग्नं अडली, आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेला ते पूर्ण ज्यू असल्याचा ठराव करावा लागला. कोकणात 'उपरे' आणि पवित्र भूमीत 'संशयित' असा हा प्रवास! त्याच वर्षी भारताबद्दलचं नायपॉल यांचं पुस्तक 'अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस' आलं, आणि 1965 मध्ये इझिकेलांनी त्याला उत्तर देणारा 'नायपॉल्स इंडिया अँड माइन' हा निबंध लिहिला. निबंधाचा जोर देशाची बाजू मांडण्यावर नाही. घाण, दारिद्र्य, ढोंग यांबद्दल नायपॉल यांचं निरीक्षण ते बरंचसं मान्य करतात. त्यांचं म्हणणं एवढंच की या वातावरणात मी वाढलो, हेच माझं काम करण्याचं ठिकाण आहे, आणि इथली माणसं मला पाहुण्यासारखी पाहून निघून जाता येत नाहीत. देशाबद्दल इतकं अलंकारहीन प्रेम आपल्याकडे क्वचित वाचायला मिळतं.

मराठीशी त्यांचं नातं काहीसं चमत्कारिक होतं. त्यांच्या समाजाची मायबोली मराठी, कीर्तनं मराठी, पण त्यांची लिहिण्याची भाषा इंग्रजी. मराठी कवितेपर्यंत ते पोचले ते वृंदा नाबर यांच्या जोडीनं. इंदिरा संतांच्या कवितांचा दोघांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'स्नेक-स्किन अँड अदर पोएम्स' 1975 मध्ये आला. त्यांनी मर्ढेकर घेतले नाहीत, सुर्वे घेतले नाहीत. बेळगावच्या एका विधवेची घरातल्या वस्तूंभोवती फिरणारी, आवाज न चढवणारी कविता घेतली. सार्वजनिक बोलण्याचं व्यंग टिपणाऱ्या कवीला खासगी बोलण्याचीही ओढ होती, हे या निवडीतून दिसतं, आणि पुढे 'हिम्न्स इन डार्कनेस'मध्ये (1976) ती त्यांच्या स्वतःच्या लेखनातही उतरली.

1982 मध्ये 'लॅटर-डे साम्स' आला आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लहानपणी कानावर पडलेल्या स्तोत्रांकडे साठीच्या उंबरठ्यावर परतलेला कवी तिथे दाविदाशी हुज्जत घालतो. दुष्टांचा नाश कर, असं मागणारा भक्त त्याला खटकतो. सज्जन आणि दुर्जन इतके स्वच्छ वेगळे कुठे असतात, हा त्याचा प्रश्न आहे. देवाशी भांडणं ही ज्यूंची जुनी रीत, आणि विठ्ठलाला शिव्या घालणाऱ्या संतांच्या भाषेत वाढलेल्या वाचकाला ती परकी वाटू नये. या कविता निवडीत अखेरीला ठेवल्या आहेत. कालक्रमानं वाचायचं नसेल त्यानं 'बॅकग्राउंड, कॅज्युअली'पासून सुरुवात करून थेट इथे यावं.

या पुस्तकात न मावलेली एक बाजू त्यांच्या संपादकपणाची आहे. 'पोएट्री इंडिया' हे त्रैमासिक, 'पेन' या लेखक-संघटनेचं न्यू मरीन लाइन्सचं कार्यालय, आणि तिथे कवितांची चळत घेऊन येणारी तरुण मंडळी. पारशी डॉक्टर असलेल्या गीव्ह पटेलांचा पहिला संग्रह 1966 मध्ये इझिकेलांनीच प्रकाशित केला. गोव्याच्या कॅथलिक समाजाला आरपार पाहणाऱ्या युनिस डिसूझांचा 'फिक्स' 1979 मध्ये आला. आपल्याच समाजाबद्दल भक्तिभाव न ठेवता, घरातलं बोलणं जसंच्या तसं ऐकत लिहिण्याची मोकळीक या कवींना कुठून मिळाली, याचा शोध घ्यायचा तर त्यांच्याही कविता मराठीत आणाव्या लागतील. ते काम कुणीतरी हाती घ्यावं.